घोंगडी नीट दिसली होती

खरं सांगा, लांबून कुणी हात केला आणि तुम्ही तो ओळखूनही न ओळखल्यासारखं पुढं गेलात, असं कधी झालंय का? बाजारात, एसटी स्टँडवर, एखाद्या लग्नात? सोबत चार इस्त्रीचे कपडे होते म्हणून? नाही म्हणायची घाई करू नका. आधी प्रतिभाचं ऐका, मग बोला.

प्रतिभा दौंड तालुक्यातल्या राहूची. घर धनगराचं. आजा ज्ञानूआबा आयुष्यभर मेंढरांमागं चालला. बाप एका जागी बसला, त्यानं ऊस लावला. प्रतिभानं आयटीआय केलं आणि भीमा ओलांडून शिरूर तालुक्यात, कारेगावात खोली घेतली. रांजणगावच्या एमआयडीसीत वायरिंगच्या लाइनवर तीन वर्षं उभी राहून पायाच्या शिरा फुगवून घेतल्या. मग ड्रोनचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिली, सरकारी प्रमाणपत्र मिळवलं. त्या वर्गात बाई ही एकटीच होती, आणि पहिला नंबरही तिचाच.

ड्रोन म्हटलं की तुम्हाला लग्नातलं ते नवरदेवाच्या डोक्यावर भिरभिरणारं आठवणार. ते चालवणारा तिथंच मंडपामागं मान वर करून उभा असतो. प्रतिभाचं तसं नाही. तिचं यंत्र उडायचं राहूच्या माळावरून, आणि ती बसायची कारेगावात हार्डवेअरच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावर, एसीत. मध्ये वीस-पंचवीस किलोमीटर आणि नदी. यंत्र तिला दिसायचं नाही. यंत्राला जे दिसेल ते तिला समोरच्या पडद्यावर दिसायचं. नजरेपलीकडचं उड्डाण म्हणतात याला, आणि त्याची परवानगी काय पानटपरीवर मिळत नाही.

काम मोठं होतं. विजेच्या मोठ्या लाइनी, गॅसच्या पाइपलाइनी, कालव्याचे दरवाजे, कारखान्यांच्या चिमण्या. ज्या लाइनीसाठी दोन लाइनमन बिबट्याच्या भीतीनं फटाके वाजवत चार-चार दिवस उसातून चालायचे, ती लाइन प्रतिभाची पाऊण तासात बघून व्हायची. तारेचा एखादा जोड तापला असला तर पडद्यावर लाल ठिपका यायचा. उद्या जी तार तुटून कुणाच्या बैलावर पडली असती, ती आजच सापडायची. यंत्राला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. यंत्रानं काही केलं नाही.

मालक विक्रमसर. खुटबावचे, जमीनदार घरचे, आजोबा सोसायटीचे चेअरमन. माणूस वाईट नव्हता. "आमच्या प्रतिभाचा हात बघा, सुई ओवंल ड्रोननं," असं चारचौघांत सांगायचा. ऐकून ती आतून फुलायची, आणि तिथंच ती फसली.

कारण ऑफिसात कुणाला ती कुणाची कोण हे ठाऊक नव्हतं. "वडील काय करतात?" "शेती." बस. एकदा जेवणाच्या सुट्टीत मल्हार, म्हणजे माळावर यंत्र नेऊन ठेवणारा पोरगा, उशिरा आला. "मेंढरं आडवी आली राव रस्त्यात. अंगाला वास लागलाय, दोन दिवस जायचा न्हाई!" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं प्रतिभा हसली.

आणि एकदा ज्ञानूआबाच आला. शिरूरला दवाखान्यात आला होता, म्हणला नातीचं हापिस बघू. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, हार्डवेअरच्या दुकानासमोर उभा. प्रतिभा धावत खाली आली आणि त्याला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेली.

"वर न्हाई का जायचं?" आबा.

"वर मिटिंग चाललीय आबा."

मिटिंग नव्हती. वर मल्हार मोबाइलवर क्रिकेट बघत होता. ती परत आल्यावर त्यानं विचारलं, "कोण गं म्हातारा?" ती म्हणाली, "गावाकडचे आहेत." म्हातारा वर मान करून त्या खिडकीकडं बघत चहा प्याला, गेला. पुन्हा कधी आला नाही.

आता घोंगडीचं सांगतो. ते कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माळावर मेंढका एकटा असतो, हाक पोचत नाही. म्हणून तो घोंगडी काठीच्या टोकाला लावून डोक्यावर आडवी धरतो. ती दिसली की लांबच्या माणसानं जागच्या जागी थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही. एखादी मेंढी व्यायला बसली असेल, वाटेत साप असेल, कळप बिथरला असेल. घोंगडी खाली येईपर्यंत पाऊल उचलायचं नाही. प्रतिभा आठ वर्षांची असताना आबाला भाकरी घेऊन गेली होती. घोंगडी वर दिसली. तिला वाटलं, आबा आपल्यालाच बोलावतोय. ती पळत सुटली. मेंढरं उधळली आणि नुकतंच जमिनीवर पडलेलं ओलं कोकरू त्यांच्या पायाखाली गेलं. आबानं तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात तेवढीच एकदा.

म्हणजे हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तिच्या गालाला ठाऊक होतं.

मागच्या फेब्रुवारीत एका मंगळवारी ऑफिसात तीन साहेब आले. लाइनीची देखभाल ज्यांच्याकडं होती त्या कंपनीचे. राहूपासून खुटबावच्या पुढपर्यंत अकरा किलोमीटर यंत्र एका दमात जाऊन दाखवायचं, वाटेत कुणाच्या नजरेत नसताना, आणि ते पटलं तर वर्षभराचं काम मिळणार. विक्रमसरांनी नवा शर्ट घातला होता. प्रतिभानं केस बांधले, सोडले, पुन्हा बांधले.

नियम साधा होता, भिंतीवर लावलेला. खाली माणूस किंवा जनावर दिसलं की यंत्र जागीच थांबवायचं, वर उचलायचं, वाट मोकळी होईपर्यंत खाली आणायचं नाही. आदल्या दिवशी मल्हारनं यंत्र माळावर नेऊन ठेवलं होतं आणि मोटारसायकलवरून सगळी वाट बघून घेतली होती. मोकळी होती. पण मेंढरांचा मुक्काम तुमच्या-माझ्या घरासारखा असतो काय? गेणबा नावाच्या म्हाताऱ्यानं त्या दिवशी पहाटे मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळली, आणि दहा वाजता तो कळप घेऊन खुटबावच्या शिवारात, तोडणी झालेल्या उसाच्या रानात, बरोबर एकेचाळीस नंबरच्या टॉवरखाली होता. उजव्या हाताला कालवा. रब्बीचं आवर्तन सुटलेलं, पाणी काठोकाठ.

यंत्र उडालं. राहूचा माळ गेला, प्रतिभाच्या बापाचं पत्र्याचं घर पडद्यावर आलं आणि गेलं, तिनं नजर पुढच्या टॉवरवर ठेवली. चाळीस नंबरपर्यंत सगळं सुरळीत. एकेचाळीसला लाल ठिपका.

"हा जोड तापलाय," प्रतिभा म्हणाली.

"जवळून दाखवा की," मोठे साहेब खुर्ची पुढं ओढत म्हणाले.

जवळून म्हणजे यंत्र खाली आणायचं. तिनं आणायला सुरुवात केली.

"ते खाली पांढरं पांढरं काय?"

"मेंढरं असतील साहेब," विक्रमसर म्हणाले. "चरतेत. काय होत न्हाई."

आणि मग त्या पांढऱ्याच्या कडेला एक काळा ठिपका उभा राहिला. ठिपक्यानं वर काहीतरी उचललं. आडवं.

प्रतिभाचे अंगठे थांबले. तिनं ठरवून थांबवले नाहीत, आपोआप थांबले. यंत्र हवेत जागच्या जागी उभं राहिलं.

"काय करतोय गं तो?" विक्रमसरांनी विचारलं.

आता बघा. एवढंच म्हणायचं होतं, "सर, तो थांबा म्हणतोय." पण मग पुढचा प्रश्न येणार होता, "तुला कसं कळलं?" आणि त्याचं उत्तर मागं एकदा काठी घेऊन टपरीवर चहा पिऊन गेलं होतं. तीन साहेब, नवा शर्ट, मागं उभा मल्हार, आणि तो वास.

"टाटा करतोय सर," प्रतिभा म्हणाली.

खोली हसली. "मग तुम्ही पण करा की टाटा!" मोठे साहेब म्हणाले.

प्रतिभानं यंत्र डावीकडं झुकवलं, उजवीकडं झुकवलं. डोलवलं. साहेबांनी टाळी वाजवली. मग ती यंत्र खाली घेऊन गेली, सहा पंख्यांच्या घरघराटासकट, आणि तापलेला जोड असा दाखवला की त्याचे नटबोल्ट मोजता यावेत.

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पांढरं हललं. आधी गोळा झालं, मग फुटलं, मग एका बाजूला वाहायला लागलं. उजव्या बाजूला. पहिली गेली की मागच्या जातात, हेही तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कॅमेरा खाली वळवायला एक बोट पुरलं असतं. तिनं यंत्र बेचाळीस नंबरकडं नेलं.

संध्याकाळी तिनं अहवाल भरला. "मार्गात व्यक्ती: एक. हात हलवून अभिवादन केले. उड्डाण निर्धोक." खाली सही. अक्षर तिचं फार चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी मल्हार डबा उघडता उघडता बोलला, "खुटबावला कालव्यात मेंढरं गेली म्हणं. सतरा! म्हातारा डुलकी काढत बसला व्हता, आन् आता म्हणतोय आभाळातनं कायतरी उतरलं. मी घोंगडी उचलली तरी थांबलं न्हाई, म्हणतोय!"

"बिबट्या असेल," विक्रमसर म्हणाले. एकदा प्रतिभाकडं बघितलं. "वाढलेत लई बिबटे."

प्रतिभानं भाजीचा घास घेतला आणि गिळला.

वनखात्याचा माणूस येऊन गेला. बिबट्याचा माग सापडला नाही. म्हणजे बिबट्या नाही. आभाळातनं उतरणारं काही त्याच्या कागदावर नव्हतं. मग उरलं काय? म्हातारा झोपला. मेंढक्यांच्यात याहून मोठी बेअब्रू नाही. मेंढी रोगानं मरते, लांडगा नेतो, ते चालतं. राखणीवर डोळा लागला आणि कळप पाण्यात गेला, तर त्या माणसाच्या हातात पुन्हा काठी देत नाहीत. गेणबाच्या थोरल्या पोरानं सगळ्या भावकीसमोर बापाच्या हातातली काठी घेतली. पन्नास वर्षं राखण केलेला माणूस, आता बायकोसोबत बिऱ्हाडापाशी बसून चुलीला जाळ घालायचा.

हे प्रतिभाला रविवारी कळलं, राहूला, ज्ञानूआबाच्या तोंडून. आबा लिंबाखाली बाजेवर बसून सुतळी वळत होता.

"गेणबाला मी वळखतो," तो म्हणाला. "चाळीस वरसं झाली. त्यो झोपायचा न्हाई."



"म्हणतो घोंगडी धरली व्हती. मी म्हणलं धरली असंल. पर घोंगडी बघून थांबत न्हाई असा माणूस मी तरी बघितला न्हाई. तुमच्या त्या इमानात माणूस बसत न्हाई म्हणं, व्हय गं?"

"न्हाई बसत."

"मंग बराबर हाय. माणूसच न्हाई, तर घोंगडी कुणाला कळायची?" त्यानं सुतळीला पीळ दिला. त्याच्यापुरता प्रश्न मिटला होता. यंत्र आंधळं, गेणबा खरा, कुणाचा दोष नाही.

तिला तेवढ्यावर सुटता आलं असतं. म्हाताऱ्यानं स्वतःहून दार उघडून दिलं होतं.

"माणूस व्हता आबा," ती म्हणाली.

"कोण?"

"मी."

सुतळी थांबली. आबानं तिच्याकडं बघितलं नाही. लांब, उसाच्या शेंड्यांकडं बघत राहिला. तिला वाटलं आता थोबाडीत मारेल. मारली असती तर बरं झालं असतं.

"मला कशापायी सांगतीस?" तो शेवटी म्हणाला. "माझी काठी कुणी न्हाई घेतली."

मग सुतळी पुन्हा वळायला घेत: "मिटिंग व्हती का त्या दिवशी?"

तिला कळेना, कुठला दिवस. मग कळलं. टपरीवरच्या चहाचा दिवस.

"न्हवती," ती म्हणाली.

"मला बी तसंच वाटलं व्हतं."

सोमवारी तिनं ऑफिसातून त्या उड्डाणाचा व्हिडिओ मोबाइलवर घेतला. विक्रमसर दारात उभे.

"काय करतीस प्रतिभा? काम मिळालंय आपल्याला. त्याला दोन-चार मेंढ्या घेऊन देतो मी, विषय संपव."

"तो मेंढ्या मागत न्हाई सर."

"मग काय पाहिजे त्याला?"

"काठी."

विक्रमसरांना ते समजलं नाही, आणि ती समजावत बसली नाही. स्कूटी काढली, नदी ओलांडली, खुटबावच्या रानात गेणबाचं बिऱ्हाड विचारत विचारत पोचली. घोड्यावर लादायचं सामान, जाळी, तीन दगडांची चूल. चुलीपाशी गेणबा. त्याची बायको म्हाळसा कोंबड्यांना दाणे टाकत होती. थोरला पोरगा मेंढरांना पाणी पाजून नुकताच आला होता, हातात ती काठी.

"मामा, मी राहूच्या ज्ञानूची नात."

"ज्ञानूची व्हय! ये, बस की पोरी. अगं, च्या टाक," गेणबा बायकोला म्हणाला.

"आधी हे बघा."

तिनं मोबाइल पुढं केला. म्हाताऱ्यानं तो दोन्ही हातांत धरला, सूर्याला पाठ केली. पडद्यावर रान, टॉवर, पांढरी मेंढरं, काळा ठिपका.

"ह्यो मी?" तो म्हणाला. "मी एवढाच दिसतो व्हय वरनं?"

ठिपक्यानं घोंगडी उचलली. म्हाळसा त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. पोरगाही जवळ आला. गेणबानं व्हिडिओ संपू दिला, मेंढरं वाहायला लागल्यावर डोळे मिटले, मग म्हणाला, "परत दाव." तिनं दाखवला. घोंगडी वर आली, तिथं त्यानं पडद्यावर बोट ठेवलं.

"हितं थांबलंय ते."



"हितं थांबलंय की!" तो पोराकडं वळून म्हणाला, त्याच्या आवाजात क्षणभर आनंद होता. "दोन घटका न्हाई, पर थांबलंय. बघ. म्हंजी दिसली व्हती." मग प्रतिभाकडं. "कोण चालवत व्हतं?"

"मीच."

"तुला दिसली व्हती घोंगडी?"

"व्हय."

"नीट?"

"नीट दिसली व्हती, मामा."

"ज्ञानूची नात तू. तुला ठावं असणार घोंगडी म्हंजी काय."

"ठावं व्हतं."

"मंग?"

 साहेब होते, मला लाज वाटली, तुमची लाज वाटली, माझ्या आबाची लाज वाटली, हे त्या चुलीपाशी उभं राहून कोणत्या तोंडानं सांगायचं? ती खाली बघत राहिली. मातीत कोंबडीच्या पायांच्या खुणा होत्या.

गेणबानं मोबाइल तिला परत दिला. पोराकडं बघून म्हणाला, "ऐकलंस?" पोरानं काठी बापाच्या हातात दिली नाही. चुलीच्या दगडाला टेकवून ठेवली आणि मेंढरांकडं निघून गेला. गेणबानं ती उचलली. बराच वेळ नुसतीच मांडीवर आडवी धरून बसला.

म्हाळसानं चुलीवरचं चहाचं भांडं उतरवून बाजूला ठेवलं. ओतला नाही. मेंढक्याच्या बिऱ्हाडावरून माणूस चहाशिवाय परत जात नाही, वैरी असला तरी. प्रतिभा तशीच परत गेली.

तिनं दुसरा अहवाल लिहिला. "व्यक्तीने थांबण्याची खूण केली. चालकास खूण कळली होती. चालक थांबली नाही." ती ओळ विक्रमसरांनी तीनदा वाचली. "अभिनंदन," ते म्हणाले, "स्वतःच्याच पायावर धोंडा," आणि तरी त्यांनी तो अहवाल वर पाठवला, हेही सांगितलं पाहिजे. उड्डाणं तीन आठवडे बंद राहिली. आता पुन्हा चालू आहेत. पडद्यासमोर दुसरा पोरगा बसतो. प्रतिभाला त्यांनी वाटेवर टाकलंय. उड्डाणाच्या दिवशी, आदल्या दिवशी नव्हे, ती टॉवर टू टॉवर चालत जाते, खाली कोण आहे ते बघते आणि फोनवरून कळवते. कुणी म्हणतं तिला खाली उतरवलं. ती पुढच्या टॉवरकडं चालते. आबाला तिनं एक दिवस त्या पहिल्या मजल्यावर नेलं, सगळ्यांसमोर, घोंगडीसकट. तो पाच मिनिटं बसला. "गार हाय लई," म्हणाला, आणि उठला. त्यानं काही भरून निघालं असं तिला वाटत नाही. मलाही नाही.

आणि गेणबाला काठी मिळाली खरी, पण व्हिडिओ काय प्रत्येक टपरीवर जाऊन दाखवता येतो? तोडलेल्या उसाच्या रानापासून यवतच्या बाजारापर्यंत गोष्ट अजून तशीच फिरतेय. म्हातारा पेंगला, सतरा मेंढरं बुडाली, आणि म्हणे आभाळातनं काहीतरी आलं. लोक हसतात. हसायला मजा येते. प्रतिभाही एकदा हसली होती, मोठ्यानं.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. पुण्याकडं जाताना, दौंडच्या गाडीत, कुठं चहा पिताना ही गोष्ट कुणी तशी सांगायला लागला, तर ऐकून घेऊ नका. सोबत कोण आहे ते बघू नका. त्याला मध्येच तोडा आणि सांगा: गेणबा जागा होता. त्यानं घोंगडी धरली होती. ती नीट दिसली होती.